लोकरीच्या गोळ्या टाका अन् खत विसरा? नाही भाऊ, तसं नसतं

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या शेतीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की मेंढीच्या लोकरीच्या गोळ्या (लोकर दाबून केलेल्या) एकदा टाकल्या की टाकताच झाड हिरवंगार, युरिया-डीएपी ही रासायनिक खतं बंद, पाणी अर्ध्यावर, गोगलगाय फिरकत नाही, आणि गोळ्या मिळाल्या नाहीत तर घरातले जुने स्वेटर कापून पुरा. लोकर चांगलीच वस्तू आहे, मी स्वतः कुंड्यांना वापरतो, म्हणूनच लिहितोय, कारण या मेसेजच्या भरवशावर कुणाचा केळीचा हंगाम गेला तर परत लोकरीचं नाव कुणी काढणार नाही.

आधी युरिया-डीएपीचं बघू. लोकर म्हणजे केरॅटिन, आपल्या केसा-नखांत असतं तेच प्रथिन. गोळ्यांत नत्र (नायट्रोजन) साधारण 9-10 टक्के, मेंढीच्या घामातल्या क्षारांमुळे थोडं पालाश (पोटॅश), आणि स्फुरद (फॉस्फरस) जवळपास नाहीच. डीएपीत स्फुरद 46 टक्के, मग त्याची जागा लोकर घेणार कशी? आता केळीचा हिशोब लावा. एका झाडाला 200 ग्रॅम नत्र धरलं तर 10 टक्केवाल्या गोळ्या 2 किलो लागतात, दीड बाय दीड मीटरवर एकरी अठराशेच्या आसपास झाडं, म्हणजे झाले साडेतीन टनांच्या वर! आपल्याकडची दख्खनी मेंढी वर्षाला किलोभर लोकर मुश्किलीने देते, म्हणजे एका एकरासाठी साडेतीन हजारांवर मेंढ्या भादरा. एवढं करून पालाश, 2 टक्के धरलं तर, झाडामागे 40 ग्रॅम, आणि केळीला ते नत्राइतकंच लागतं. रावेर-यावलचा कुठलाही केळीवाला सांगेल की पालाश कमी पडलं तर घड भरत नाही.

"टाकताच झाड हिरवंगार" हेही खोटं. केरॅटिनमध्ये गंधकाचे बंध असतात, जिवाणूंना ते तोडायला वेळ लागतो, त्यामुळे नत्र महिनोन्महिने हळूहळू सुटतं. पान पिवळं पडलंय आणि आज नत्र पाहिजे, तिथे लोकर कामाची नाही. आणि जिवाणूंना ओल लागते, आपल्या मे महिन्यात कोरड्या काळ्या रानात टाकली तर ती नुसती पडून राहते. रोज पाणी मिळणाऱ्या कुंडीत मात्र मजा बघा, पावसाळ्यात टाकलेल्या गोळ्या थंडीत उकरल्या तर गोळीचा आकार गेलेला असतो, मऊ तपकिरी तंतू उरतात आणि त्यांच्यातून वांग्याची पांढरी मुळं आरपार गेलेली दिसतात.

पाण्याबद्दल अर्धं खरं आहे. लोकर पाणी धरते, फुगते, माती भुसभुशीत करते, कुंडीला एखादं पाणी वाचतं. पण ती पाणी तयार करत नाही ना, आणि काळी माती आधीच पाणी धरणारी, तिथे फरक थोडाच. खरा फायदा मुरमाड, हलक्या जमिनीत आणि गच्चीवर.

गोगलगायीचं थोडक्यात सांगतो: ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये लेट्यूसवर लोकरीच्या गोळ्या, अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी असं सगळं तपासलं, काही टाकलं नव्हतं त्या रोपांच्या तुलनेत नुकसान कमी झालेलं दिसलं नाही.

आणि स्वेटर तर अजिबात पुरू नका. बाजारातले बहुतेक स्वस्त स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे प्लास्टिकच, ते कुजत नाही, पुढची कित्येक वर्षं कुदळीला अडकत राहील.

मग करायचं काय? शेतासाठी साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ दादा मेंढ्या घेऊन येतात ना, त्यांच्या मेंढ्या रानात बसवा. लेंडीखतात नत्र 3 टक्क्यांच्या आसपास, स्फुरद 1, पालाश 2, म्हणजे नत्र लोकरीपेक्षा कमी पण तिन्ही आहेत, वर मूत्र जागच्या जागी मुरतं. परसातल्या भरिताच्या वांग्याला, गच्चीवरच्या टोमॅटोला महागड्या गोळ्या कशाला, कच्ची लोकर चालते. मूठभर पिंजून, भिजवून, खड्ड्याच्या तळाशी लेंडीखतात मिसळा आणि वर चांगली माती द्या, कारण लोकरीत अडकलेलं गोखरू-आघाड्याचं बी वर राहिलं तर तण उगवतं. घोंगडीची मागणी घटल्यापासून या जाड्याभरड्या लोकरीला भाव मिळत नाही, तेव्हा कातरणीच्या वेळी ठेलाऱ्यांकडे जा, फुकट मागू नका, किलोवर भाव ठरवा आणि पैसे रोख हातात द्या.