आईची पायरी

दर मार्चमध्ये आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद होतो. जागतिक आनंद अहवाल येतो, २०१८पासून पहिला नंबर फिनलंडचाच, आणि मी हेलसिंकीत राहते म्हणून जाब मला विचारतात. २०२५च्या अहवालात भारत ११८वा आणि पाकिस्तान १०९वा, यावर काका भयंकर चिडले होते. दादाचं म्हणणं वेगळंच: "आपल्याला सारखं अजून हवं असतं ना, म्हणून. चाळीत होतो तेव्हा सुखी होतो."

काकांचा राग मी समजू शकते. दादाचं मात्र अजिबात पटत नाही.

कोण किती हसतं यावर हा नंबर लागत नाही. लोकांना विचारतात, शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी आहे, सर्वांत वर तुम्हाला शक्य असलेलं उत्तम आयुष्य; आज तुम्ही कितव्या पायरीवर? इथे डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, बसस्टॉपवर माणसं लांब लांब, गप्प उभी असतात. तरी ती वरची पायरी सांगतात. कायद्याने आठवडा ४० तासांचा, पाळणाघर नगरपालिकेचं, आजारपणात घर विकावं लागेल ही धास्ती नाही. मनाला समजावण्यावर इथलं समाधान उभं नाही.

वरळीची बीडीडी चाळ म्हटलं की दादाला दहीहंडी आणि उघडी दारं आठवतात. मला १६० चौरस फुटांत झोपलेले सहा जण आठवतात, आणि पहाटे मजल्याच्या टोकाला संडासच्या रांगेत उभी असलेली आई. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून ती समाधानी आहे असं आम्ही धरून चाललो. ऑगस्ट २०२५मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घराची चावी मिळाली. देवाला दिवा लावायच्याही आधी ती बाथरूममध्ये गेली, आतून कडी लावली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दादा हाका मारत होता. तिला आयुष्यभर अजून हवं होतं ते एवढंच, आणि ते हवं असण्यात काय चूक होती? जानेवारी २०२५मध्ये एका मोठ्या कंपनीचे अध्यक्ष आठवड्याला ९० तास काम करा म्हणाले, तेव्हा दादाने तेही मान हलवून ऐकून घेतलं.

तरीही ती शिडी मला अपुरी वाटते. मागे मी फोनवर आईला तिची पायरी विचारली.

"माझी एकटीची कशी सांगू गं?"

"एकटीचीच सांगायची असते, आई."

"तुझी किती?"

मी आठ म्हटलं. "बरं झालं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "माझी सहा धर. दादा अजून रात्री दहाला घरी येतो."