सहल नेमकी कोणाच्या आवडीची?

प्रौढ बौद्धिक दिव्यांगांना सरसकट एकाच सहलीला न नेता प्रत्येकाच्या आवडीनुसार बाहेर न्यावे, हे मी वाचलेल्या एका लेखातील म्हणणे मला पटले. माझ्या ३६ वर्षांच्या धाकट्या भावाला वर्षानुवर्षे बसमधून पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर नेले जाई आणि गर्दीचा कलकलाट सहन न होऊन तो कानांवर हात ठेवून बसून राही. वाळूत खेळायला तो लहान मूल नाही, हे आम्हा घरच्यांच्याही ध्यानात आले नव्हते. त्याला ओढ फेरीबोटीची. आता महिन्यातून एकदा, दुपारची वर्दळ ओसरल्यावर, आम्ही रायबंदरहून फेरीबोटीने मांडवीपलीकडच्या चोडण बेटावर जातो. आदल्या रात्री धक्का, फेरीबोट आणि चहाचे दुकान यांचे फोटो क्रमाने दाखवले की त्याची घालमेल कमी होते. फेरीबोटीच्या साखळीचा खडखडाट मात्र त्याला चालतो, किंबहुना त्यासाठीच तो येतो! भाजीपाव की मिरचीभजी, हे तोच बोट दाखवून ठरवतो आणि पैसेही स्वतः देतो. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने समाजात वावरण्याचा हक्क मान्य केला असला, तरी मी आजारी पडलो की त्याचे जाणे राहते. म्हणून सरसकट सहलींच्या बसगाड्यांआधी प्रशिक्षित सोबत्यांच्या मानधनाची तरतूद व्हावी, असे माझे मत आहे.