'जरा इंग्लिश बघून दे ना' म्हणे!

"जरा इंग्लिश बघून दे ना, पाच मिनिटांचं काम आहे." ऑफिसात हे पुन्हा कोणी म्हटलं तर कूलरच्या टाकीत डोकं बुडवीन त्याचं. पाच मिनिटांचं आहे तर तूच कर ना बे!

इंग्रजी कच्चं असण्याचा राग नाही. आपण बहुतेक मराठी शाळेतले, चुका होणारच. डोक्यात जातं ते हे, की स्वतः लिहिलेलं एकदाही परत वाचायचं नाही. सहा ओळींचा मेल, पूर्णविराम एकच, तोही शेवटी. 'द मीटिंग इज पोस्टपोन्ड, सर इज आउट ऑफ स्टेशन, प्लीज इन्फॉर्म ऑल.' काय लिहून राहिला बे तू? मराठीत "पाऊस आला, मी गेलो नाही" खपून जातं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. पूर्णविराम दे, अर्धविराम दे, नाहीतर स्वल्पविरामापुढे अँड, बट, सो काहीतरी घाल. पूर्णविरामावर जीएसटी नाही लागत! आणि जिथे नको तिथे मात्र देतात: 'बिकॉज द सर्व्हर वॉज डाउन.' खल्लास. सर्व्हर डाउन होता म्हणून काय झालं? ते मागच्या वाक्याला जोडायचं कोणी?

पण खरा कळस म्हणजे 'द लिस्ट ऑफ कँडिडेट्स आर अटॅच्ड'. जोडलं काय? यादी. किती? एक. मराठीत कधी "उमेदवारांची यादी जोडले आहेत" म्हणतोस का? झोपेतही नाही म्हणणार. मग इंग्रजीत क्रियापदाच्या शेजारी जो शब्द दिसला त्याच्याच गळ्यात काऊन पडतो? मधलं 'ऑफ कँडिडेट्स' अंगठ्याने झाकायचं आणि उरलेलं वाचायचं: द लिस्ट इज. संपलं. एका साहेबांना मी प्रिंटआउटवर अंगठा ठेवून हे दाखवलं. साहेबांनी मान डोलावली, जागेवर गेले आणि पाठवताना 'इज'चं परत 'आर' केलं. का, तर म्हणे "कँडिडेट्स खूप आहेत ना."

'वन ऑफ माय फ्रेंड', 'डिड नॉट रिसीव्ह्ड', 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक' यांवर तर मी आता बोलतही नाही. गुपचूप खोडतो.

परवा एक तक्रार आली: 'आफ्टर रीचिंग द ऑफिस, द लिफ्ट वॉज क्लोज्ड.' म्हणजे लिफ्ट ऑफिसला पोहोचली? आपल्या नागपूरच्या बर्डीवरून ऑटोने? "ऑफिसला पोहोचल्यावर लिफ्ट बंद होती" म्हटलं की कोण पोहोचलं ते आपण समजून घेतो. इंग्रजी वाचणारा स्वल्पविरामानंतर जो पहिला भेटेल त्यालाच धरतो. तिथे 'आय फाउंड द लिफ्ट क्लोज्ड' लिही, माणूस पोहोचेल.

सांगायला जावं तर उत्तर तयार: "पण लाल रेघ नाही ना आली!" अरे भाऊ, लाल रेघ स्पेलिंगची असते. 'प्लीज फाइंड द अटॅच्ड फ्रॉम' याला कुठून येणार लाल रेघ? 'फॉर्म'चा 'फ्रॉम' झाला, पण दोन्ही शब्द शाबूत. असा 'फ्रॉम' क्लायंटला गेलाय आमच्याकडून, सीसीत अख्खं डिपार्टमेंट. आणि हीच मंडळी कोणी 'प्रीपोन' म्हटलं की नाक मुरडणार. तो शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, सुखाने वापरा. तुमचं वाक्य कुठेच नाही.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हाची पहिलीतली पोरं आता तिशी ओलांडून टीम लीड झाली. निबंध पाठ, पत्राचा नमुना पाठ. लिहून झालेलं तपासायचं असतं हे कोणी सांगितलंच नाही बहुतेक. बर्डीवर स्पोकन इंग्लिशच्या पाट्यांना तोटा नाही. बोला हो फाडफाड, चांगलंच आहे. पण मेल बोलत नाहीत ना राजेहो, लिहितात!

आता ड्राफ्ट आणायचा तर माझ्या टेबलासमोर उभं राहून आधी मोठ्याने वाचायचा. जिथे दम लागेल तिथे पूर्णविराम हवा होता का, ते स्वतःच बघायचं. प्रत्येक क्रियापदाला "कोण?" विचारायचं. मग माझ्याकडे द्या. आणि शुक्रवारी साडेपाचला तर आणायचाच नाही, मला मेट्रो पकडायची असते.