पंप सारखा चालू होतो, म्हणून पंपच बदलायचा?

घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये, विशेषतः लॅन्सेअर ३२० किंवा ३६० सारखी चाकं पोटात घेणारी विमानं असलेल्यांमध्ये, एक सल्ला फार फिरतोय. चाकं वर-खाली करणारा तेलाच्या दाबाचा (हायड्रॉलिक) पंप चाकं वर घेतल्यावर हवेत मधूनमधून आपोआप सुरू होत असेल, तर पंप थकलाय, नवा टाका. तोवर पंप कुठल्या दाबाला थांबेल ते ठरवणारा प्रेशर स्विच थोडा वर चढवा, टाकीत तेल भरा, ब्रेक ऑइल कुठलंही चालतं. विमान जॅकवर उचलून चाकं नीट खाली-वर झाली तर काळजी नको. आणि हवेत फारच त्रास झाला तर पंपाची वीज तोडणारा ब्रेकर ओढून ठेवा.

यातलं शेवटचं वाक्य अर्धं बरोबर आहे. बाकीचं नाही. अमेरिकेत अशा घरी बांधलेल्या (एक्स्पेरिमेंटल) विमानाची दुरुस्ती मालकाने स्वतः केली तरी कायद्याची आडकाठी नाही, त्यामुळे असा सल्ला कोणाच्या हाताखालून न जाता थेट विमानात उतरतो. म्हणून हा खटाटोप.

‘पंप थकलाय’

या विमानांत वर गेलेली चाकं अडकवून ठेवणारा हूक नसतो. पाइपर ॲरोतही नाही. चाकं वर राहतात ती सिलिंडरमध्ये कोंडलेल्या तेलाच्या दाबावर. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की प्रेशर स्विच मोटर बंद करतो, तेल एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह ते अडवतो आणि पंप गप्प बसतो. दाब उतरला की स्विच पुन्हा मोटर लावतो.

म्हणजे पंप परत परत सुरू होतो तेव्हा तो दर वेळी दाब पुरा करून बंदही होतोय. आपलं काम तो चोख करतोय. तक्रार आहे ती तो बंद असतानाच्या वेळेची: कोंडलेलं तेल कुठून तरी निसटतंय. थकलेल्या पंपाची लक्षणं वेगळी. चाकं वर जायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, किंवा दाब पुरा होतच नाही आणि मोटर थांबायचं नाव घेत नाही. आणि तेव्हाही आधी मल्टिमीटर काढावा. फायबरग्लासच्या विमानाचं अंग वीज वाहत नाही, त्यामुळे मोटरचं अर्थिंग वेगळ्या तारेनेच बॅटरीपर्यंत न्यावं लागतं. त्या तारेच्या टोकाला गंज चढला की चांगली मोटरही म्हातारी वाटते. मोटर चालू असताना तिची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर आधी तार आणि तिची टोकं साफ करा.

तेल निसटायच्या जागा मोजक्याच. बाहेर गळत असेल तर लाल डाग दिसतो, तो प्रश्न सोपा. आत गळत असेल तर डाग नाही, थेंब नाही: पिस्टनची ओ-रिंग (सील करणारं रबरी कडं), पॅकमधला (पंप आणि त्याचे व्हॉल्व्ह एकत्र बसवलेला संच) चेक व्हॉल्व्ह, किंवा आणीबाणीत चाकं सोडायचा डंप व्हॉल्व्ह.

शोधायचं असं. विमान जॅकवर घ्या, चाकं वर घ्या, पंप थांबला की ब्रेकर ओढा आणि गेजकडे बघत बसा. दाब घसरतोय हे दिसलं की चाकं खाली घ्या, दाब शून्य करा आणि पॅकमधून निघणाऱ्या नळ्या सोडवून तिथे बुचं लावा, गेज आणि स्विच पंपाच्या बाजूला राहतील असं बघून. आता पंप क्षणभरच चालवा. दाब तरीही घसरला तर दोष पॅकमध्ये. टिकला तर सिलिंडर किंवा डंप व्हॉल्व्ह. मग नळ्या परत जोडा, चाकं वर घ्या, ब्रेकर ओढा आणि एकेका सिलिंडरची खाली घेण्याच्या बाजूची, म्हणजे दाब नसलेली, नळी सोडवा. नळीतून थोडं तेल येणारच, तिकडे लक्ष देऊ नका. सिलिंडरच्या तोंडाकडे बघा. तिथून तेल झिरपत राहिलं तर त्या पिस्टनची ओ-रिंग गेली. या सगळ्यात चाकांच्या वाटेत उभं राहायचं नाही आणि दाबाखालची गळती बोटाने चाचपायची नाही. बारीक भोकातून येणारी तेलाची धार कातडीत शिरते. पुठ्ठा धरा.

माझ्या ओळखीच्या एकाने हाच सल्ला मानून पंप नवा टाकला. पंप होता तसाच चालू-बंद होत राहिला. डंप व्हॉल्व्ह उघडला तर त्याच्या बैठकीवर टेफ्लॉन टेपचा पांढरा धागा. विमानाच्या नळ्यांना असतो त्या ३७ अंश उताराच्या एएन जोडाला टेप लागतच नाही, तिथे धातूवर धातू बसून सील होतं. पण नळाला टेप गुंडाळायची सवय हाताला लागली की सुटत नाही.

आणखी एक गोष्ट हा सल्ला देणारे विसरतात. दर हजार फुटांना हवा साधारण २ अंश सेल्सिअसने गार होते. आठ हजार फूट चढलात की १६ अंशांचा फरक. कोंडलेलं तेल आकसतं, दाब उतरतो, पंप एकदा-दोनदा चालतो. चढताना हे होणं दोष नाही. सपाट उड्डाणात, तापमान स्थिर असताना, ठराविक अंतराने पंप लागत राहिला तर दोष.

‘प्रेशर स्विच वर चढवा’

दाब जास्त तर गळती जास्त, हे सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे स्विचचा आकडा रिलीफ व्हॉल्व्हच्या (दाब फार वाढला की तेल परत सोडणाऱ्या) आकड्याच्या वर गेला तर तो दाब कधी येणारच नाही. तेल रिलीफमधून फिरत राहील, मोटर चालत राहील, तापेल आणि जळेल. मग पंप खरोखरच बदलावा लागेल.

‘ब्रेक ऑइल कुठलंही चालतं’

घोटाळा होतो कारण या विमानांच्या ब्रेकमध्येही बहुतेक तेच लाल खनिज तेल असतं जे चाकं वर-खाली करणाऱ्या यंत्रणेत असतं: एमआयएल-एच-५६०६. पण गॅरेजमध्ये ‘ब्रेक ऑइल’ मागितलं की हातात येतं डॉट ३ किंवा डॉट ४. ते ग्लायकॉलचं. नायट्राइल रबराच्या ओ-रिंग त्यात फुगतात आणि मऊ पडतात. मोठ्या जेटमधलं जांभळं स्कायड्रॉलही नायट्राइलचा असाच सत्यानाश करतं. एकदा चुकीचं तेल गेलं की नुसतं काढून भागत नाही. सगळी सिलं बदला, नळ्या धुवा. ५६०६ च्या जागी ८३२८२ नंबरचं तेल चालतं, तेही लालच आहे.

तेल भरताना चाकं कुठल्या स्थितीत हवीत हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. रॉड बाहेर असताना सिलिंडरमध्ये तेल जास्त मावतं, टाकी रिकामी दिसते. ती तेव्हा काठोकाठ भरलीत तर रॉड आत जाताना जादा तेल व्हेंटमधून बाहेर येतं आणि लोक नवी गळती शोधत बसतात.

‘जॅकवर चालतं म्हणजे ठीक’

हँगरमध्ये वारा नसतो. लॅन्सेअरचं नाकाचं चाक मागे दुमडतं, म्हणजे उतरताना त्याला समोरच्या वाऱ्याला ढकलत पुढे यावं लागतं. मदतीला एक गॅस स्ट्रट (गॅसच्या दाबाने ढकलणारा दांडा) असतो. त्यातला गॅस वर्षांगणिक कमी होतो, पण पंप जोर लावत असल्याने हे कळतच नाही. कळतं ते पंप बंद पडून डंप व्हॉल्व्ह उघडल्यावर: मागची दोन्ही चाकं खाली, नाकाचं अर्ध्यात लोंबकळलेलं. म्हणून जॅकवर ब्रेकर ओढून, फक्त डंप व्हॉल्व्ह उघडून चाकं सोडा आणि नाकाच्या चाकाला स्प्रिंगच्या वजनकाट्याने मागे ओढून धरा. मॅन्युअलमधल्या जोराला पुरून ते लॉक झालं पाहिजे. जॅकसाठी एअरस्पीड स्विच (वेग कमी असताना चाकं वर जाऊ न देणारा) बायपास केला असेल तर तो बायपास काढायला विसरू नका.

‘ब्रेकर ओढून ठेवा’

मोटर थांबत नसेल तर ओढायलाच हवा, नाहीतर ती जळेल. पण मग दाब उतरत जातो आणि चाकं आपल्या वजनाने दारांवर टेकू लागतात. वेग चाकांच्या मर्यादेच्या आत आणा, जवळचं विमानतळ बघा आणि उतरण्याआधी ब्रेकर आत ढकला. तो ओढलेलाच राहिला तर लिव्हर खाली करूनही पंप चालणार नाही. चाकं खाली लॉक झाल्याचे तीन हिरवे दिवे लागले नाहीत की आधी ब्रेकरकडे बघा, मग डंप व्हॉल्व्हकडे हात न्या.