घोडबंदरची धूळ, बोस्टनचा तराजू

ठाण्यात घोडबंदर रोडला राहत असाल आणि घरात एखादं खोकणारं पोर असेल, तर उगाच खिडक्या पुसत बसू नका. ती धूळ म्हणजे पोराची परदेशातली फेलोशिप आहे. आमच्या सोसायटीत ज्यांना हे वेळेवर कळलं त्यांची मुलगी बोस्टनला गेली. आम्ही गॅलरीला जाळी बसवत राहिलो.

तयारी लवकर सुरू करावी. मूल तिसरीत असताना एका रात्री धाप लागेल. डॉक्टर पंप लिहून देतील. तो आणू नका. पंपाची सवय लागते, हे आपल्याला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं. अडुळसा द्या, वाफ द्या, पाठीला बाम चोळा. आई बाम चोळतेय, बाहेर मेट्रोच्या खांबांमधून काँक्रीटचे मिक्सर रांगेने चाललेत आणि समोरच्या होर्डिंगवर ‘येऊरच्या कुशीत, शुद्ध हवेत’ असं लिहिलंय – पुढे अर्जासोबतच्या निबंधात ही रात्र फार उपयोगी पडते.

परदेश निवडताना हवा स्वच्छ आहे ना, एवढं बघा. ठाण्याच्या हवेचा अभ्यास ठाण्यात कुणी करतं का? पिकतं तिथे विकत नाही. शिकवायला तिकडची मंडळी खरंच तत्पर आहेत, इथे मी थट्टा करत नाही. अमेरिकेचं फोगर्टी हे आरोग्य संशोधनाचं केंद्र १९६८ सालचं. आपल्यासारख्या देशांतल्या संशोधकांना तयार करणं हे त्याचं कामच. छातीच्या डॉक्टरांची तिथली संघटना, अमेरिकन थोरॅसिक सोसायटी, १९९४ पासून संशोधन कसं करावं याचे वर्ग देशोदेशी घेते. तर आमच्या सोसायटीतली ती मुलगी गेली आणि वजन करायला शिकली.

हो, वजन. मोठ्या टिकलीएवढा पांढरा गोल फिल्टर असतो. त्यातून चोवीस तास हवा ओढायची आणि आधीच्या-नंतरच्या वजनातला फरक मायक्रोग्रॅममध्ये काढायचा, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात. यासाठी तराजूच्या खोलीत तापमान २० ते २३ अंश आणि आर्द्रता ३० ते ४० टक्के ठेवावी लागते. जुलैच्या ठाण्यात एवढा कोरडेपणा फक्त पापडाच्या डब्यात सापडतो. तेव्हा बोस्टन अपरिहार्यच.

तिथे तिला शिकवलेली एक गोष्ट तुम्हीही पाठ करून ठेवा, लग्नकार्यात सांगायला बरी आहे. १९९३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी सहा अमेरिकी शहरांतल्या ८,१११ माणसांचा अभ्यास छापला. चौदा ते सोळा वर्षं या माणसांचा माग ठेवला होता. सगळ्यांत घाण हवेचं शहर होतं ओहायोतलं स्ट्यूबनव्हिल, पोलादाच्या भट्ट्यांचं. सगळ्यांत स्वच्छ शहराच्या तुलनेत तिथे मृत्यूचा धोका २६ टक्क्यांनी जास्त निघाला. आणि त्या घाणेरड्या हवेत बारीक कण, म्हणजे पीएम २.५, सरासरी किती होते? घनमीटरमागे २९.६ मायक्रोग्रॅम.

आता आपलं नियमांचं पुस्तक उघडा. २००९ पासून आपली वार्षिक मर्यादा आहे ४०. आणि रोजच्या निर्देशांकात ३० पर्यंतच्या हवेला ‘चांगली’ म्हणतात, हिरव्या रंगात. म्हणजे ज्या गावाने जगाला घाबरवलं, ते उचलून आपल्या घोडबंदरच्या कासारवडवलीला ठेवलं तर बिल्डर दर वाढवेल. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ वर येऊन बसली आहे, पण त्या लोकांना गायमुखचा घाट चढायचा नसतो.

फुप्फुसांचीही गंमत ऐका. फुंकनळीत जोरात फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा निघते ते यंत्र मोजतं आणि तुमचं वय, उंची बघून ती पुरेशी आहे का ते सांगतं. वर्षानुवर्षं आपल्या माणसाचा वंश विचारून ही अपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी उतरवली जायची. यांची मुळातच लहान, असं गृहीत. लहान का, हे विचारायला थोडा उशीर झाला. २०२३ मध्ये त्याच अमेरिकी संघटनेने वंश न बघता सगळ्यांना एकच मोजपट्टी लावा, असं सुचवलं. अभिनंदन! आता आपल्याला बरोबरीने नापास होता येईल.

मुलगी परत येते म्हणाली तर मात्र सावध व्हा. परत येणाऱ्यांसाठी आपल्याकडे मुख्यतः सत्काराची सोय आहे. परदेशी पैशाने संशोधन करायचं तर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे कागद जातो, आणि कागदाला धाप लागत नसल्यामुळे तो सावकाश जातो. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परदेशी भागीदारांना अनुदानातला वाटा देण्याची जुनी पद्धत थांबवली. इकडे नोकरी विचारावी, तर पद मंजूर असतं पण भरायचं नसतं. अशा वेळी तिला घरीच हवा ओढून मोजणारं एखादं छोटं यंत्र लावू द्या. विरंगुळा होतो.

आमच्या सोसायटीतल्या मुलीने ते गेटवर लावलं. वार्षिक सभेत दोन टिकल्या घेऊन उभी राहिली, एक पांढरी, एक काजळीसारखी.

“काका, ही आपल्या गेटवरची. फक्त चोवीस तासांची.”

सेक्रेटरींनी चष्मा वर करून बघितलं. “गेटवरची आहे ना? आतली नाही. मिनिट्समध्ये तसं स्पष्ट लिहा.”

खजिनदारांनी यंत्राचं वीजबिल कुणाच्या नावावर टाकायचं ते विचारलं. एका काकूंनी पीएम २.५ वर अनुलोम-विलोम चालतो का, अशी शंका काढली. फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होईल म्हणून टिकल्यांचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत, हा ठराव एकमताने झाला. तिच्या शिक्षणाचा उपयोग करून घेतला पाहिजे, यावरही एकमत झालं. म्हणून गणपतीत मुलांच्या वेशभूषा स्पर्धेला तिला परीक्षक नेमलं. विषय: प्रदूषण.

तुम्हीही असंच करा, खर्च एका शाल-श्रीफळाचा. तीन मुलं झाडं होऊन आली, एक गिरणीची चिमणी. चौथीतला एक मुलगा ‘धूर’ झाला होता, काळा रेनकोट घालून. स्टेजवर येऊन तो असा खोकला की टाळ्यांनी मांडव दणाणला. अभिनयाबद्दल पहिला नंबर त्याचाच, असं पुढच्या रांगेतून ओरडून झालं.

परीक्षक खुर्चीतून उठल्या. स्टेजवर चढून त्या मुलापुढे गुडघ्यावर बसल्या, रेनकोटची बटणं काढली आणि घड्याळात बघत त्याचे श्वास मोजू लागल्या. मग माइक चालू आहे हे विसरून त्याच्या आईला विचारलं, “वहिनी, पंप आणलाय का बरोबर?”

“छे गं,” आई म्हणाली, “सवय लागते.”