प्रतिक्रियेला उत्तर: पाचशे रुपयांचं यंत्र मी का दिलं नाही

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मागच्या लेखात मी कॅनडातल्या धाकट्या भावाकडचं व्हेपोरायझर, म्हणजे औषधी गांजा न जाळता त्याची वाफ देणारं यंत्र, कसं चालतं ते सांगितलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "काका, गोष्ट अर्धीच सोडलीत. सोल्डरिंग आयर्न, काचेची बरणी आणि नळी, पाचशे रुपयांत काम होतं, सगळं आपल्या इंदूरच्या जेल रोडवर मिळतं. 157 अंशांना वाफ होते, तेवढं सांभाळलं की झालं. जन्मभर पीथमपूरला मीटर दुरुस्त केलेत आणि आता डिझाइन लपवून महागडी यंत्रं दाखवता? माझ्या बाबांच्या हाडांत कॅन्सर पसरलाय. रात्रभर कण्हतात. त्यांनी काय करायचं?"

शेवटचा प्रश्न वाचला आणि आधीच्या रागाचं मला काही वाटलं नाही. तुमच्या जागी मी असतो तर याहून कडक लिहिलं असतं.

डिझाइन मी लपवलेलं नाही. तसलं पाचशे रुपयांचं यंत्र मी स्वतःच्या हातांनी बनवलं होतं, हे मात्र मागच्या लेखात लिहायला हवं होतं. ते राहिलं, ती चूक माझी.

भावाला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जातंतूंचा आजार आहे. रात्री पाय लाकडासारखे ताठ होतात, वहिनी तासतासभर चोळत बसते. तिकडे औषधी गांजाला 2001 पासून रीतसर परवानगी आहे आणि 17 ऑक्टोबर 2018 पासून तो सगळ्याच प्रौढांना मिळतो. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं की ओढायचं नाही, जाळलेला धूर छातीत घ्यायचा नाही. चांगलं यंत्र काही शे डॉलरचं, आणि त्याची नोकरी सुटलेली. मी म्हटलं, थांब, मी करून देतो. तुम्ही लिहिलंय तेच सामान होतं: चाळीस वॅटचं आयर्न, काच, चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी, नळी. एका दुपारीत झालं. रात्री त्याने दोन झुरके घेतले आणि असा खोकला की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाळीच्या मधोमध थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बसवला. हे खरं तर आदल्या दिवशीच करायला हवं होतं. यंत्र नुसतं चालू ठेवलं तर चार मिनिटांत मीटर 268 वर. झुरका घेतला की गार हवा आत येऊन काटा सरळ 150 च्या खाली. सोडलं की पुन्हा वर. जाळी काढून उजेडात धरली, तर आयर्नकडच्या बाजूचा पाला कोळशासारखा काळा आणि दुसऱ्या कडेचा हिरवाच. म्हणजे एकाच झुरक्यात अर्धा माल जळत होता आणि अर्ध्याला आच लागतच नव्हती. आम्ही वाफ समजत होतो त्यात धूर होताच.

वैद्यकीय यंत्रं साधारण 180 ते 210 अंशांत काम करतात. गांजातलं टीएचसी, म्हणजे त्यातला नशेचा मुख्य घटक, हिरव्या पाल्यात आम्लाच्या रूपात असतं, ते मोकळं व्हायला उष्णता लागतेच. पण 230 च्या पुढे पाला करपायला लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड, डांबर, सगळं आलं. म्हणजे हाताशी असलेली तापमानाची पट्टी किती अरुंद आहे बघा. आणि तुमचा 157 हा आकडा इंटरनेटवर सगळीकडे फिरतो, तो जवळजवळ निर्वात दाबाखाली मोजलेला उत्कलनबिंदू आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या हवेत तो लागू नाही. त्यावर यंत्र बेतलं तर पहिल्याच झुरक्याला "काही होत नाही" म्हणून माणूस आच वाढवतो आणि पट्टीच्या बाहेर जातो.

आणखी एक गोष्ट त्या सकाळी दिसली, ती मी विसरू शकत नाही. नळीच्या तोंडाशी धातूची एक जोडणी मी सोल्डरने केली होती. नळी ओढून काढली तर आतून ज्वारीच्या दाण्याएवढा चकचकीत थेंब घरंगळला. नेहमीच्या साठ-चाळीस सोल्डरमध्ये चाळीस टक्के शिसं असतं आणि ते सोल्डर 183 अंशांना पाझरायला लागतं. ज्या तापमानाला औषधाची वाफ करायची, बरोबर त्याच तापमानाला माझा सांधा विरघळत होता. वर सोल्डरसोबत वापरतात त्या फ्लक्सच्या राळेचा धूर, ज्याने सोल्डरिंगवाल्यांना दमा होतो हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. जे मी वर्कशॉपमध्ये पंखा लावून नाकापासून लांब ठेवायचो, ते भावाच्या तोंडात दिलं होतं. यंत्र तिथेच मोडलं.

तुम्ही म्हणाल, मग तापमानाचा कंट्रोलर लावा, हजार रुपयांत मिळतो. मिळतो, मीच शेकडो बसवलेत. पण कंट्रोलर त्याच्या सेन्सरच्या टोकाचं तापमान सांभाळतो, पाल्याचं नाही. ओव्हनमध्ये चालतं, कारण तिथे हवा एका चालीने फिरते. इथे हवा ओढणारा आजारी माणूस आहे. कधी लांब श्वास, कधी अर्धा, कधी मध्येच खोकला. म्हणून चांगल्या यंत्रात हवा आधी तापवून मग पाल्यातून नेतात, आणि जर्मनीतल्या टुटलिंगेनच्या व्होल्केनोसारख्या यंत्रात पंखा वाफ पिशवीत भरतो, रोगी नंतर सावकाश घेतो. सान फ्रान्सिस्कोत 2007 साली 18 निरोगी लोकांवर ते तपासलं, तेव्हा रक्तातलं टीएचसी गांजा ओढण्याइतकंच आलं आणि कार्बन मोनॉक्साइड फारच कमी. पैसे त्या नियंत्रणाचे आणि स्वच्छ हवेच्या वाटेचे असतात. नळाला लावतो ती टेफ्लॉनची पट्टीसुद्धा जास्त तापली की तिच्या वाफेने ताप भरतो. बल्ब फोडून केलेल्या यंत्रांबद्दल तर बोलायलाच नको. आणि तुमच्या बाबांच्या खाटेशेजारी उद्या ऑक्सिजन लावायची वेळ आली, तर तिथे 230 व्होल्टचं उघडं तापतं लोखंड ठेवायचं?

कायद्याचं थोडक्यात. एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या, व्याख्येत फुलोरा म्हणजे गांजा, तो एक किलोच्या आत असला तरी वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून आपल्याकडे भांगेची परवाना असलेली दुकानं चालतात. शिवाय 2019 चा ई-सिगारेटबंदीचा कायदा निकोटिन असो-नसो, पदार्थ तापवून हुंगायला वाफ देणाऱ्या विजेच्या उपकरणाचं उत्पादनच बंद करतो. मला तो असाच वाचता येतो. घरात आधीच एक संकट आहे, त्यात पोलीस ठाण्याच्या चकरा नकोत.

आता बाबांबद्दल, कारण मला खरं त्याच्याशीच देणंघेणं आहे.

किमो चालू असेल तर वाळलेल्या पाल्यातल्या बुरशीची भीती वेगळी, प्रतिकारशक्ती खाली असताना ती फुप्फुसात घर करू शकते. गांजाचा उपयोग किमोच्या मळमळीवर आणि भावासारख्या ताठरपणावर झालेला आहे, पण हाडाच्या कॅन्सरच्या दुखण्यावर त्याचा पुरावा कमजोर आहे. त्या दुखण्यावर पोटातून घ्यायचं मॉर्फिन हे जुनं, भरवशाचं औषध. 2014 साली एनडीपीएस कायदा बदलला तो याच्यासाठीच, की अशा रुग्णांना ते मिळावं. सहसा मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेत मिळतं, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे नाही. आपल्याच राज्यात नीमचला अफूचा सरकारी कारखाना आहे, आणि इंदूरमध्ये माणूस वेदनेने रात्र काढतो, याचा मला फार त्रास होतो.

उद्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दोन गोष्टी नाव घेऊन विचारा. एक, मॉर्फिन देणारी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, ओपीडी कुठे आहे. दोन, दुखणाऱ्या हाडाला रेडिएशनची एकच बैठक देता येईल का. एका बैठकीनेसुद्धा बऱ्याच रुग्णांचं हाडाचं दुखणं उतरतं, आणि घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मॉर्फिन सुरू झालं तर बद्धकोष्ठाचं औषध सोबत मागून घ्या. "सवय लागेल" असं आत्या-मावश्या म्हणतील, त्या भीतीने डोस चुकवू नका.

भांग घरी घोटून द्यावी, असाही विचार तुमच्या मनात येईल. पोटातून घेतलेली भांग चढायला तास-दोन तास घेते, माणसाला वाटतं लागली नाही आणि आणखी दिली जाते. वयस्कर माणूस चक्कर येऊन पडला तर पोखरलेलं हाड मोडतं. विजयेची, म्हणजे भांगेचीच, परवानाधारक आयुर्वेदिक औषधं आहेत, ती वैद्याने लिहून दिली आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवली तरच.

आणि आज रात्रीपासून एक वही करा. किती वाजता दुखायला लागलं, कुठे, दहापैकी किती, कोणत्या गोळीनंतर किती वेळ झोप लागली. तीन दिवसांची ती पानं घेऊन जा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील, आणि त्यावरूनच डोस बसवतील. कुठे अडलं तर इथेच लिहा, मी रोज संध्याकाळी बघतो.