मला पेन्शन आहे, मॅडमना नाही

मी निवृत्त शिक्षक. माण तालुक्यात नोकरी झाली, आता साताऱ्यात राहतो. दर महिन्याला पेन्शन जमा होते, महागाई भत्ता वाढला की तीही वाढते, आणि माझ्यानंतर बायकोला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल. तेव्हा या लिखाणात माझा एका रुपयाचाही फायदा नाही. शेजारच्या गावच्या हायस्कूलमधल्या एका मॅडम नुकत्याच निवृत्त झाल्या, त्यांचे कागद मी हाताने चाळले, म्हणून लिहितोय.

मॅडम 2001 च्या जूनमध्ये लागल्या. शाळा तेव्हा विनाअनुदानित. संस्था देईल ते मानधन, तेही कधी दिवाळीला तर कधी पुढच्या वर्षी. पुढे टप्प्याटप्प्याने अनुदान आलं आणि शाळा शंभर टक्क्यांवर गेली ती 2007 ला. मधल्या काळात शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता मिळालेली, सेवापुस्तकात नियुक्तीची तारीख शाईने लिहिलेली.

31 ऑक्टोबर 2005 ला शासन निर्णय निघाला आणि दुसऱ्याच दिवसापासून लागू झाला. 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर लागणाऱ्यांना 1982 च्या नियमांची पेन्शन, म्हणजे जुनी पेन्शन, बंद. त्याऐवजी अंशदायी योजना, म्हणजे आपली डीसीपीएस: दर महिन्याला पगारातून कपात, त्यात सरकारची भर, आणि साठेल त्यावरच पुढची पेन्शन. ठीक आहे. नवीन माणसाला दारातच अट सांगितली, पटली तर तो येईल, नाहीतर दुसरीकडे जाईल. पण मॅडम तर त्याआधीच चार वर्षं वर्गावर उभ्या होत्या! 2010 साली ठरलं की नियुक्ती आधीची असली तरी 1 नोव्हेंबर 2005 ला शाळा शंभर टक्के अनुदानावर नसेल तर जुनी पेन्शन नाही. शाळेला अनुदान कधी द्यायचं हे सरकारच्या हातात. उशीर सरकारचा, भुर्दंड शिक्षकाला.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढची. जानेवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी ज्या पदांची जाहिरात निघाली होती, त्यांवर नंतर रुजू झालेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय देता येईल. चांगलाच निर्णय, मला आनंद आहे. पण मग नुसती जाहिरात आधीची असलेला पात्र, आणि आधीपासून प्रत्यक्ष शिकवणारी बाई अपात्र, हा कुठला न्याय?

आकडे थोडे गोल करून सांगतो. शेवटचं मूळ वेतन 76 हजार धरा. जुन्या नियमाने त्याच्या निम्मे 38 हजार, वर महागाई भत्ता. नव्या पद्धतीत खात्यावर 30 लाख साठले असं समजा. किमान 40 टक्के रकमेची, म्हणजे 12 लाखांची वार्षिकी घ्यावी लागते, म्हणजे ते पैसे विमा कंपनीला द्यायचे आणि तिने आयुष्यभर ठरलेली रक्कम द्यायची. साडेसहा टक्क्यांनी महिन्याला साडेसहा हजार येतात. दहा वर्षांनी तेल-डाळीचा भाव काहीही असो, साधारण तेवढेच. बाकीचे 18 लाख हातात येतात खरे, पण मुलीचं लग्न आणि घराचं कर्ज त्यांचीच वाट बघत असतं. शिवाय मॅडमच्या कपातीच्या हिशोबात कित्येक महिने कोरे आहेत. पगारातून रक्कम गेली, ती खात्यावर दिसत नाही. त्यासाठी त्या निवृत्तीनंतरही कार्यालयाचे हेलपाटे घालताहेत.

17 डिसेंबर 1982 ला नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. दरवर्षी त्या तारखेला आम्ही निवृत्त मंडळी पेन्शनर दिन साजरा करतो, हारतुरे होतात. त्या हक्कात मॅडम बसत नसतील तर आमच्या हारतुऱ्यांना काय अर्थ आहे?

आता गावातला प्रश्न. आमच्या माणच्या शेतकऱ्याला कुठे पेन्शन आहे? प्रश्न खरा आहे, आणि तो विचारणाऱ्यावर चिडू नये. माझा धाकटा भाऊ वाळव्याकडे साखर कारखान्यात होता. आयुष्यभर उसाच्या गव्हाणीवर उभा राहिला, ईपीएस-95 मधून, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतून, महिन्याला तीन हजारसुद्धा मिळत नाहीत. त्या योजनेत किमान पेन्शन 2014 मध्ये 1000 रुपये केली, आणि महागाई भत्ता नावालाही नाही. भाऊ मला म्हणतो, "दादा, तुझं कमी करा असं मी कधी म्हणणार नाही. आमचं वाढवा म्हणतो." मला हेच बरोबर वाटतं. शिक्षकाचं कापलेलं भावाच्या ताटात पडल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही.

तिजोरीवर बोजा येतो हेही मान्य. मग माजी आमदारांना एका टर्मवर महिना 50 हजार, आणि आमदारकीच्या पुढच्या प्रत्येक वर्षाचे 2 हजार जादा, तेव्हा बोजा आठवत नाही का? कर्मचारी 2023 च्या मार्चमध्ये संपावर गेले तेव्हा हाच प्रश्न विचारत होते. त्यानंतर, 31 मार्चला, नव्या योजनेतल्या, सेवेत वारलेल्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना कुटुंबनिवृत्तिवेतन देण्याचा निर्णय निघाला. तोवर कित्येक विधवा वाट बघून थकल्या होत्या.

माझ्यासारख्या जुन्या पेन्शनवाल्यांना हात जोडून विनंती आहे. हयातीचा दाखला दिला की आपलं काम संपलं असं समजू नका. साताऱ्यात पुढचं धरणं होईल तेव्हा मॅडम आणि त्यांच्यासारखे शिक्षक कलेक्टर कचेरीसमोर बसतील. त्यांच्याशेजारी आपणही बसायचं. मी बसणार आहे. सोबत कोण येताय ते खाली लिहा.